कीबोर्डखालची मोहरी

कबूल करून टाकते: मी सुनेचा लॅपटॉप नळाखाली धरून धुतला होता. मग गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांच्या शेजारी, जुन्या धोतराखाली वाळतही घातला होता. आता नातवंडं मला त्यांच्या लॅपटॉपपासून दोन हात लांब बसवतात, आणि बरोबरच करतात. पण तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची होते. त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

आम्ही जळगावचे. सून शाळेत शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर तिने पीएचडीला नाव घातलं, तेव्हा मी तिच्यादेखत शेजारणीला म्हणाले होते, "आमच्याकडे आता पोरांच्या आधी आईचीच परीक्षा." शेजारीण हसली. सून हसली नव्हती, हे मला दिसलं होतं. पण टोमणा जमला याच आनंदात मी होते.

त्या दिवशी ती शाळेत गेलेली. मला मालिकेचा चुकलेला भाग बघायचा होता आणि मोबाइलवर माणसं मुंगीएवढी दिसतात. नातवाने लॅपटॉप उघडायला शिकवलं होतंच. समोर ताटात डाळीचे वाफवलेले फुनके आणि वाटीत गरम कढी. मालिकेतली सासू बोलता बोलता एकदम गप्प झाली, म्हणून मी पुढे वाकले, आणि कोपराने वाटी पालथी केली. कढी सगळ्या कीबोर्डवर पसरली.

शहाण्या बाईने तो आधी बंद केला असता, पालथा घातला असता, कुणाला तरी विचारलं असतं. मी विचार केला, ताक, हळद, मीठ. नुसतं पुसून वास जायचा नाही. खरकटं भांडं धुतात, हेही धुवावं. साबण लावला नाही, तेवढी अक्कल कुठून आली कोण जाणे. मग वैशाखाच्या उन्हात कावळे हाकलत काठी घेऊन बसले. दुपारी हाताला खडखडीत लागला, म्हणून बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर उजेड आला आणि गेला. मी आणखी आठ-दहा वेळा दाबून पाहिलं.

सून आल्यावर सांगितलं, "पाण्याचा तांब्या लवंडला गं त्याच्यावर."

ती खुर्चीवर बसली. दिवाळीपर्यंतचं लिखाण तिने पेनड्राइव्हवर ठेवलं होतं. त्यानंतरची दोन प्रकरणं, चौथं आणि पाचवं, फक्त त्या लॅपटॉपमध्ये होती, आणि मार्गदर्शक बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्याआधी प्रबंध गेला नाही तर सगळंच लांबणार होतं. "असू द्या आई," एवढंच म्हणाली. जेवली नाही. ती ओरडली असती तर मी परत दोन शब्द ऐकवले असते.

जळगावात दोन दुकानदारांनी मान हलवली. तिच्या शाळेतल्या कुणीतरी धुळ्याचा एक कारागीर सांगितला, भिंगाखाली बोर्ड दुरुस्त करणारा. शनिवारी सकाळची शाळा आटोपून ती निघाली, तर मीही पिशवी घेऊन दारात उभी. घरात बसवेना. बसमध्ये एरंडोल, पारोळा गेलं तरी लॅपटॉपची पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

कारागीर पन्नाशीचा, कपाळावर भिंगाचा चष्मा. त्याने विचारलं, "काय सांडलं?"

सून म्हणाली, "पाणी."

त्याने मागचे स्क्रू काढले, आधी बॅटरी सोडवली. मग आतला बोर्ड उचलला. जागोजागी हिरवट कीट चढलेलं. चिमट्याने त्याने काहीतरी काळं, बारीक टिपलं आणि पांढऱ्या कागदावर माझ्यापुढे ठेवलं. मोहरी होती.

"अक्का, पानीमा मोहरी कशी?"

त्याने चिमटा खाली ठेवला.

"बठ्ठं सांगा, काही गाळू नका. पाणी वेगळं, मीठ वेगळं. मीठ राहिलं तर तांबं खात बसतं. मला कळलं पाहिजे काय धुवायचं ते."

मग मी सांगितलं. कढी, नळ, गच्ची, बटण, सगळं. सुनेकडे न बघता. तो माणूस हसला नाही. अजूनही त्याचे उपकार मानते ते आधी यासाठी. "धुतलं त्याने थोडं मीठ गेलं असेल," तो म्हणाला, "बटणाने घात केला." स्पिरिटसारख्या वासाच्या कशाततरी ब्रश बुडवून तो बोर्ड घासू लागला. "मशीनचं आठ दिवसांनी सांगतो. पण लिखाण या पट्टीत असतं, ते आधी बघू." पट्टी बोटभर लांब. ती त्याने एका डबीत बसवून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली.

बराच वेळ काही दिसेना. मग फोल्डर आले. सुनेने एक उघडला, दुसरा उघडला. दोन्ही प्रकरणं होती. ती शेवटच्या पानापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मला पदर डोळ्यांना लावावा लागला. कारागिराने पाण्याची बाटली पुढे केली, तीसुद्धा टेबलापासून लांब धरून.

पुढे लॅपटॉपही चालू झाला आणि प्रबंधही वेळेत गेला. पण मला आठवतं ते धुळ्याचं बसस्थानक. जळगावची गाडी लागायची होती. सून बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "खरं सांगू आई? त्या दिवशी मला वाटलं, तुम्हाला मनातून वाटलं असेल, बरं झालं, गेलं ते. आणि आज तुम्ही माझ्याआधी रडलात. आता घरी गेल्यावर पाचवं प्रकरण वाचून दाखवते. झोपायचं नाही."