वहिनीने लिहून न दिलेलं उत्तर

माघ सरता सरता आमच्या अड्याळच्या तळ्याचं पाणी आकसत जाई आणि उघड्या पडलेल्या गाळाचा, कुजत्या शेवाळाचा, उन्हात सुकणाऱ्या शिंपल्यांचा जड, ओलसर गंध सायंकाळच्या वाऱ्यावर घरापर्यंत येई. त्या गंधाबरोबर मला आजही थोरल्या दादाची बायको, माझी वहिनी, आठवते.

मी तेव्हा बारावीला होते. जीवशास्त्राच्या सरांनी घरून लिहून आणायला सांगितलं होतं : नवी प्रजाती कशी निर्माण होते? वहिनी लग्नाआधी भंडाऱ्याच्या कॉलेजात विज्ञान शिकलेली. शिक्षण अर्धवट सुटलेलं. मी वही तिच्यापुढे सरकवली.

"लिहून नाही देत, शोभाबाई," तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली. "समजावून सांगतो. लिहा तुमीच."

मग ती मला तळ्याच्या पाळीवर घेऊन गेली. पाणी ओसरून त्याची दोन डबकी झाली होती; एक खोल आणि काळोखं, दुसरं उथळ, गवताळ. ही दोन पाणी हजारो वर्षं भेटलीच नाहीत असं समजा, ती म्हणाली; दोन्हीकडचे मासे पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या वाटेने इतके निराळे होत जातील, की पुढे पाणी एक झालं तरी त्यांची वीण एक होणार नाही.

मी लिहिलं, 'माशांनी स्वतःला बदलून घेतले.' तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मासा ठरवून बदलत नाही. जन्मतःच कोणी थोडा निराळा रायते. ज्याले ते पाणी मानवते, त्याची पिल्लं जगतात. बाकीच्यांचा वंश थांबते."

"त्यांचं काय चुकलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. तिची कूस उजवली नव्हती, आणि दादाच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. मी ती ओळ खोडली आणि उत्तर माझ्या शब्दांत पुन्हा लिहिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा चुलीपुढच्या धुरात वहिनी हसली; त्या घरातलं तिचं तेवढंच हसू माझ्या स्मरणात आहे.

होळीच्या आधी तिला लाखांदूरला, माहेरी पोचवलं. भांडण नाही, आकांत नाही. एस.टी. हलताना खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "पेपर नीट वाचजा. घाई नोका करू." सोडचिठ्ठी झाली, घरात नवी वहिनी आली.

पुष्कळ वर्षांनी, तुमसरच्या शाळेत शिकवू लागल्यावर, मी लाखांदूरला गेले. ओसरीवर वह्या उघडून बसलेल्या मुलींचा घोळका आणि मध्ये ती, केस पांढरे झालेली. तिने आईची चौकशी केली, चहा दिला. दादाचा विषय काढला नाही. तेवढ्यात एका मुलीने हाक मारली, "निर्मलाताई, माझं झालं." आणि तिने चटकन वळून पाहिलं.

त्या नावाने तिला मारलेली हाक मी प्रथमच ऐकत होते. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं, आणि त्या दुसऱ्या नावाला ती आमच्या घरात निमूटपणे ओ देत राहिली होती. परतीच्या एस.टी.त, कापणी उरकलेल्या धानाच्या खाचरांवर ऊन उतरत असताना, मी हलकेच 'निर्मला' म्हणून पाहिलं. ओठांना ते सवयीचं वाटेना.