साहेबांचं इटालियन
ग्रीसचा वास आला की डोंबिवली एमआयडीसीतला आमचा कारखाना आठवतो. तिथे नवं मशीन बसवायला इटलीहून फिटर आलेला. फाडफाड इंग्रजी बोलणारे आमचे मॅनेजर तीन महिने केबिनमध्ये कॅसेट लावून इटालियन शिकले होते, पण फिटरसमोर दुसऱ्याच वाक्याला अडकले. "भाषाच अवघड आहे हो, सर," सुपरवायझर म्हणाले. तासाभराने त्याच सुपरवायझरांनी मला त्या मशीनवरून काढलं, कारण मला इंग्रजी पाटी वाचता आली नाही. "सातवी नापास ना तू, डोकंच नाही रे तुला." इंग्रजी तर त्या फिटरलाही येत नव्हतं. पण लातूरहून आलेल्या मला नोकरी सुपरवायझरांनीच लावलेली, म्हणून मी हात पुसून तिथून बाजूला झालो. आता रिटायर झाल्यावर मनातल्या मनात त्यांना विचारतो, साहेबांना तीन महिने मिळाले, मला एक दिवस तरी दिला होता का?