अम्माचा नवस आणि वहिनीचे केस

आमच्या तेनालीत भ्रमरांबा टिफिन सेंटर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होतं. एक पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, आणि दुसरी मालकिणीची वेणी. मालकीण म्हणजे माझी भ्रमरावहिनी. तव्यापुढे उभी राहिली की ती लांबसडक वेणी पाठीवर मोगऱ्यासकट डुलायची. नवी गिऱ्हाइकं आधी वेणीकडे बघत आणि मग पाटीवरचे भाव वाचत. मी नणंद असूनही सांगते, तसे केस आमच्या अख्ख्या गोत्रात कुणाचे नव्हते, आणि याचा मला मनातून राग होता.

पण वहिनीचं वजन इतकं वाढलं, की गुडघे बोलायला लागले. साखर वाढली, रात्री झोपेत श्वास अडकायला लागला. विजयवाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून पोटातली पिशवी लहान करायची, म्हणजे खाणं कमी होईल आणि वजन उतरेल. चांगल्या पोटाला सुरी लावायची, हे काही माझ्या आईला पटेना. ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर अम्मा डोंगरावरच्या देवाला हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "स्वामी, माझी सून धडधाकट बाहेर येऊ दे. तिचे सगळे केस तुला वाहीन."

"तिला विचारलंस का?" मी म्हटलं.

"देवाशी बोलायला आता सुनेची परवानगी काढू?"

वहिनी धडधाकट बाहेर आली. नवसाचं कळल्यावर पांढरीफटक पडली, पण सासूला उलट बोलणं तिच्या रक्तात नाही. "अत्तम्मा, तीन कात्र्या देते," एवढंच म्हणाली. डोंगरावर बायकांनी केसांची टोकं तीनदा कातरून दिली तरी चालतं.

"मी सगळे बोललेय. देवाशी घासाघीस करायची का?"

मग वहिनीनं चालढकल सुरू केली. अंगात ताकद येऊ दे, लग्नसराई संपू दे, ऊन उतरू दे. वजन भराभर उतरत होतं. वाटीभर पप्पूभातानं, म्हणजे वरणभातानं, पोट भरायचं. जुन्या पोलक्यांना टाके घालता घालता माझी मान मोडली. आणि अशातच, तिसरा महिना सरता सरता, केस गळायला लागले.

गळायला म्हणजे कसे, तर विंचरले की मूठभर, न्हायली की मोरी तुंबायची. उशीवर केस, ताकात केस. मोगऱ्याचा गजरा माळला की पिनेसकट घसरून खाली यायचा. एकदा रोजच्या मास्तरांना उप्म्यात लांब केस सापडला. सज्जन माणूस, काही न बोलता ताटाच्या कडेला लावून ठेवला आणि उप्मा संपवला. पण वहिनीनं पाहिलं. त्या दिवसापासून ती डोक्याला फडकं बांधून मागच्या खोलीत वाटण करत बसली. तव्यापुढे माझा भाऊ उभा राहिला आणि गावाला पेसरट्टूचे तुकडे खायची सवय लागली.

डॉक्टर म्हणाले, "अशा ऑपरेशननंतर असं होतं. शरीराला एकदम कमी मिळतं ना, मग ते केसांवरचा खर्च आधी थांबवतं. परत येतील. डाळी, दूध, अंडी खा, गोळ्या चुकवू नका."

अम्मानं ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय? हिनं नवस लांबवला. स्वामी आपलं आपण वसूल करतोय."

वहिनी रस्त्याकडे तोंड करून बसली. मला अम्माचा इतका संताप आला की मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. पण तीच अम्मा, जिच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, परसात वेगळी चूल मांडून, नाकाला पदर लावून अंडी उकडायला लागली. शुक्रवारी सुनेला पुढ्यात बसवून डोक्याला कोमट तेल चोळायची. तोंडानं सारखं चालूच, "कितीदा सांगितलं होतं, वेळेवर चल म्हणून," पण बोटं मात्र हलकी.

वेणीची पार उंदराची शेपटी झाली. भांगातून डोकं दिसायला लागलं. आणि मग एका शुक्रवारी अम्माचं तोंड मध्येच बंद पडलं. तिनं मला हाक मारली. "कामेश्वरी, इथं हात लाव."

मी लावला. कपाळाच्या वर, कानांच्या मागे, तान्ह्या बाळाच्या जावळासारखी मऊ लव. वहिनीनं स्वतः हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. कितीतरी महिन्यांनी ती हसली.

"स्वामींचा राग उतरला," अम्मा म्हणाली. "आता उशीर नको. बोटभर झाले की डोंगरावर जायचं."

वहिनीचं हसू तिथंच मावळलं. रात्री भांडी विसळताना ती मला म्हणाली, "कामू, जुने केस गेले ते गेले. पण आता आलेत ते माझे आहेत गं. रोज उठून आधी त्यांना हात लावते. हेही द्यायचे?"

"नाही म्हण."

"आणि उद्या घरात कुणाला काही झालं तर?"

मी ओले हात तसेच स्वामींना जोडले. मीही त्याच घरची.

आम्ही गेलो. केस वाहायच्या दालनात बायकांची रांग होती. वहिनी पाटावर बसली. केस काढणाऱ्या बाईनं विचारलं, "तीन कात्र्या की सगळे?"

"सगळे," वहिनी म्हणाली.

बाईनं डोक्यावर पाणी ओतलं, हात फिरवला आणि थबकली. "नुकतेच आलेत ना गं हे?"

वहिनीनं नुसती मान हलवली. डोळे घट्ट मिटलेले, त्यांतून पाणी येतच होतं. बाईनं वस्तऱ्यात पातं घातलं.

"ऊठ," अम्मा म्हणाली.

"काय झालं, अत्तम्मा?"

"ऊठ म्हणते ना." तिला हाताला धरून उठवलं आणि अम्मा स्वतः पाटावर बसली. अंबाड्यातली एकेक पिन काढून माझ्या हातात द्यायला लागली.

"अम्मा, नवस वहिनीच्या केसांचा होता," मी म्हटलं.

"तिचे त्यानं कधीच घेतले. हे नवे आलेत, ते मी बोलले नव्हते. आणि तोंड माझं होतं, मग डोकंही माझंच."

आमच्या घरात सगळ्यांची डोकी नवसाला लागली होती. भावाचं, माझं, पोरांचं. अम्मानं मात्र स्वतःचा तो सुपारीएवढा पांढरा अंबाडा कधी कुणाला शिवू दिला नव्हता. तापात फणफणत असतानाही ती उठून तो घालायची. वहिनीनं तिचे हात धरले. "नको, अत्तम्मा. मी देते. मला चालेल."

"तुला चालत नाही. मला दिसतं," अम्मा म्हणाली आणि मान खाली घातली.

काम क्षणात झालं. बाहेर पायरीवर वहिनीनं तिच्या डोक्याला चंदन लावलं, अगदी सावकाश, कानांमागेसुद्धा. अम्मा एवढीशी दिसत होती. मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं, "या वयात येतील का गं परत?"

"येतात, अत्तम्मा," वहिनी म्हणाली. "आधी दिसत नाहीत. शुक्रवारी मी तेल लावेन ना, तेव्हा तुम्हाला सांगेन."