बाभळीच्या फांद्यांचा कोळसा

कोळसेवाली रिकाम्या पाटीने दारात उभी राहिली, तेव्हाच मी समजले. "डोंगर बोडका झालाय, बाई. आता कुठनं आणू?" एवढं बोलून ती निघून गेली.

कसबा पेठेत आमचं तांब्याचं काम. श्रावणातल्या ब्राह्मणभोजनासाठी पेशव्यांच्या मुदपाकखान्याचे मोठे हंडे सासऱ्यांनी अंगावर घेतले होते. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ते लाल तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. ठोकायला मनगट पुरतं. ते रात्री जेवून झोपलं की सकाळी पुन्हा तयार. तापवायला मात्र कोळसाच लागतो, आणि आमच्या आळीने डोंगर असा जाळला होता, जणू तो दर पाडव्याला नवा उगवणार होता.

सासऱ्यांनी जेवता जेवता तोड काढली. "कोथरुडात तुझ्या आईच्या बांधावर बाभळी आहेत. उद्या पाडू."

माझा घास तोंडातच राहिला. वडील गेल्यावर आईजवळ शेळ्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि उन्हाळाभर त्या याच बाभळींच्या शेंगांवर जगत. लेकीच्या सासऱ्यांना आई नाही म्हणणार नव्हती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मला भयंकर संताप आला.

"फांद्या घ्या, मामंजी. बुंध्याला हात लावू नका. बाभूळ मुळाशी तोडली की परत फुटत नाही."

"फांद्यांच्या कोळशावर हंडे होतात होय? भट्टी तू चालवतेस की मी?"

"भाता मी ओढते. बुंधे आणलेत, तर तोही तुम्हीच ओढा."

नवरा ताटातली भाकरी आयुष्यात प्रथमच पाहत असल्यासारखा पाहू लागला. त्याच्याकडून मदतीची आशा नव्हतीच. मीच पुढे बोलले. एकेका हंड्यासाठी आपण भट्टी पेटवतो आणि हंडा निघाला की उरलेला विस्तव वाया घालवतो. सगळे ठोकून ठेवा, एकदाच पेटवू, एकामागून एक तापवू.

"रोज भट्टी पेटली नाही तर आळी काय म्हणेल?"

"म्हणू दे की."

सकाळी उठून पाहते तो सासरे नवऱ्याला आणि कुऱ्हाडीला घेऊन गेलेले. नदी ओलांडून मी धावतच कोथरूड गाठलं. बांधावर एक बाभूळ आडवी पडली होती. आई शेळ्यांची दावी धरून उभी होती. मी पुढच्या झाडाला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूला हो," सासरे म्हणाले.

मी हलले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. शेवटी त्यांनी कुऱ्हाड नवऱ्याच्या हातात दिली. "वर चढ. निम्म्याच फांद्या घे."

हंडे श्रावणाच्या आत झाले. आळीने आमच्या थंड भट्टीवरून यथेच्छ टोमणे मारले, आणि पुढच्या वर्षी कोळसा मिळेना तेव्हा मुकाट्याने आमच्यासारखंच करायला घेतलं.

आईच्या बाभळी पुन्हा भरल्या, शेंगांनी लवल्या. पाडलेल्या झाडाचा खुंट मात्र तसाच राहिला. सासरे काहीतरी निमित्त काढून कोथरुडला जात आणि त्याला कळशीभर पाणी घालून येत. तो फुटणार नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. पुन्हा सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही.