चिकटवलेलं शेवटचं पान

नव्वद वर्षांपूर्वी हरलेल्या सामन्यासाठी दर वर्षी नव्याने उपाशी राहणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात एकच होता, आणि तो आमच्याच घरात होता. माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, नोकरी नीट केली, सुपारीचंही व्यसन नाही. फक्त ती वही.

माझे सासरे फौजेत होते. मोठ्या लढाईत इटलीत कैद झाले, पळाले, तेव्हा तिथल्या एका शेतकऱ्याने त्यांना लपवलं. निघताना त्याने आठवण म्हणून ही वही दिली. लढाईच्या आधीच्या एका हंगामात त्यांच्या देशातले सगळ्यांत वरचे फुटबॉल संघ एकमेकांशी खेळले, त्याची वर्तमानपत्रातली कात्रणं. एका रविवारचं एक पान. सासऱ्यांनी ती लहानग्या भाऊजींना दाखवली आणि भाऊजी त्यातल्या निळ्या सदऱ्यांच्या संघाचे झाले ते कायमचे.

दसरा झाला की पहिल्या रविवारी पहिलं पान. मग दर रविवारी एक, पुढचं बघायचं नाही. निकाल पाठ होते, तरी ओळीवर बोट ठेवून बघायचे. संघ हरला की त्या दिवशी जेवण नाही. परगावी सामना असला की सकाळीच हात पुढे, "वहिनी, दही-साखर."

"अहो, ते खेळणारे कधीच मेले. त्यांना कसलं दही?"

"तुम्ही द्या हो. गेल्या वर्षी विसरलात आणि तीन गोल बसले."

"त्याच्या आदल्या वर्षी दिलं होतं, तेव्हाही तीनच बसले!"

शेवटचं पान मात्र चिकटलेलं होतं. त्याच्या आधीच्या पानावर भाऊजींचा संघ एका गुणाने पुढे. तिथे वही मिटायची आणि आमच्या दाना ओली गल्लीत पेढे वाटायचे. समोरचा दुकानदार मुद्दाम विचारायचा, "काका, कौन जीता?"

"अभी सीज़न बाकी है!"

माझा मुलगा एकदा म्हणाला, मोबाइलवर बघून सांगतो. भाऊजी त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. नजरही गेली होती. एका दुपारी म्हणाले, "वहिनी, ते पान सोडवा. वर कोण आहे सांगा."

मी ओल्या फडक्याने पान सोडवलं. मी चौथी शिकलेली, पण त्या संघाच्या नावाचं वळण इतक्या वर्षांत डोळ्यांत बसलं होतं. खाली तक्ता होता.

"तुमचे दुसरे," मी म्हटलं.

त्यांनी सुटलेलं पान चाचपलं, कडेची जुनी खळ बोटांना लागली. मग म्हणाले, "म्हणजे बाबांनीच चिकटवलं होतं."

चार दिवसांनी गेले. आजाराने गेले, पानाने नव्हे, हे मला कळतं. मला खोटं बोलता येत नाही, असं मी जन्मभर तोऱ्यात सांगत आले. पण एक शब्द फिरवला असता तर माझं काय जात होतं? सासऱ्यांना जमलं, मला जमलं नाही.

तेरावा झाल्यावर मी मैद्याची खळ शिजवली आणि पान पुन्हा चिकटवलं. आता चिकटवून कोणाला काय उपयोग? तरी चिकटवलं.

परवा दुकानदाराने विचारलं, "अम्मा, काका की टीम आखिर में जीती कि नहीं?"

मी म्हटलं, "अभी सीज़न बाकी है."