सांडोरच्या विहिरीपर्यंत

आमच्या वसई पूर्वेच्या इमारतीत टँकरचं पाणी खारट लागू लागलं आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बोलणी मला बसू लागली. टँकरवाला एवढंच म्हणे, "सांडोरच्या विहिरीचं आहे, गोडंच असतं." नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी सकाळी अर्धा चहा तसाच टाकून मी निघालो. ती विहीर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडेना.

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला सांडोर गावाची एसटी धरली. घाईत एक थांबा आधीच उतरलो आणि केळीच्या वाड्यांमधून (बागांमधून) चालत सुटलो. दोन्ही बाजूंना गच्च हिरवळ, पण पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी.

एका अंगणात साठीच्या बाई सुकेळी (वाळवलेली केळी) उलटत होत्या. नाव फिलोमिना. पाणी मागितलं. पहिल्याच घोटाला थांबलो. आमच्या घरचीच चव.

"खारं लागलं ना?" त्या म्हणाल्या. "आमचं पानी असं नव्हतं. माझा दीर विहिरीला मोठा पंप लावून टँकर भरतो. वरचं गोडं उपसलं की खालून समुद्राचं चढतं. सगळ्या आळीच्या विहिरी बिघडल्या."

घरामागे त्यांनी बावखल (पावसाचं पाणी साठून जमिनीत मुरतं ते तळं) दाखवलं. अर्ध्यावर भराव पडला होता. "इथं पन बिल्डिंग येनार. मग पानी मुरनार कुठं?"

मी कुठून आलो, हे मी लपवलं. त्यांनी दिलेलं सुकेळं हातात नुसतं फिरवत राहिलो.

तेवढ्यात चर्चमधून परतलेल्या बायका थेट अरुंद रस्त्यावर बसू लागल्या. "आज टँकर आत सोडायचा नाय, असं ठरलंय," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "तुम्ही निघा, एसटी चुकेल."

मी थोडं चाललो, परतलो आणि रस्त्यावर फिलोमिनाबाईंच्या शेजारी बसलो.

रिकामा टँकर आला. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, मग मला पाहून खाली उतरला. "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही? तुमच्याच बिल्डिंगसाठी भरायचंय. उठा."

सगळ्याजणी माझ्याकडे पाहू लागल्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या धुण्यालाच चार बादल्या लागत.

"आज राहू दे," मी म्हणालो.

फिलोमिनाबाईंचा दीर विहिरीवरून तावातावाने आला, पण बसलेल्यांत त्याची स्वतःची बायको दिसली तसा जागीच थांबला. टँकर मागे वळला. थोडं सरकून फिलोमिनाबाईंनी मला सावलीत जागा दिली.

दुपार कलल्यावर घरी पोहोचलो. जिन्यात शेजारी वाटच पाहत होते. टँकर का आला नाही, ते मी खरं खरं सांगितलं. काहींनी दारं लावून घेतली.

विकत घेतलेलं पाणी मी इतकी वर्षं निवांत प्यायलो होतो. ते कुणाच्या तरी पायाखालून निघतं, हे मनात कधी आलंच नव्हतं. पुढच्या सभेत मी सुचवलं, गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता इमारतीमागच्या पडीक विहिरीत सोडू या. पाच घरं तयार झाली. उरलेल्यांनी मला सेक्रेटरीपदावरून काढलं. पाइप आम्ही पाच घरांनीच बसवला.