चप्पल कपाटावर

आजारी माणसाला बरं करणं डॉक्टरांचं काम असेल, मी नाही म्हणत नाही. पण आजारी माणसाला पलंगावर झोपवून ठेवणं हे काम अख्ख्या दुर्ग जिल्ह्यात एकाच बाईला जमत होतं, आणि ती म्हणजे माझी मोठी जाऊ. राहायच्या नंदिनी नगरला, खदानीच्या क्वार्टरात. पण इकडे भिलाईत आमच्या नात्यागोत्यात कोणाचा पाय मुरगळो, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होवो, पेशंट दवाखान्यातून घरी पोचायच्या आधी बाई दारात हजर. काखेत बोचकं, पायात निळी रबरी चप्पल. टाचा दुखायच्या म्हणून ती चप्पल त्या घरातही घालत. तिचा फटक-फटक आवाज ओसरीतून आला की समजायचं, बाईंचं राज्य सुरू झालं.

या राज्यातला पहिला कायदा म्हणजे पेशंटची चप्पल जप्त. "चप्पल समोर दिसली का माणसाले उठावं वाटते," हे त्यांचं शास्त्र. ती उचलून थेट कपाटावर, पार मागे, भिंतीला लावून. आमच्या यांना एकदा मलेरिया झाला होता. ताप उतरला, ड्यूटीवर निघाले, तर सेफ्टी बूट गायब. स्टुलावर चढून कपाटावर हात घातला तर बुटांसोबत शेजारच्या साहेबांचे सँडलही निघाले. ते बिचारे नुसते बघायला आले होते, पण बाईंना त्यांचाही चेहरा उतरलेला वाटला होता. साहेब अनवाणी घरी गेले आणि भिडेपोटी कोणाला बोलले नाहीत. दुसरा कायदा कानाला ओढणी बांधायचा. मग तो मे महिना का असेना आणि बाहेर भिलाईचं ऊन लोखंड वितळवत का असेना, कूलर बंद! आमच्या डॉक्टरीणबाईंवर तर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "शिकेल हाये वो ते, पण आरामातलं तिले काय समजते? उभ्याउभ्या चहा पेते, पाह्यलं नाही तू?"

मग एकदा पाळी माझी आली. पन्नाशी जवळ आली होती आणि अंगावरून फार जायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी साफ करून तपासायला पाठवू, छोटंसं काम आहे. खरंच छोटं होतं. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. दोनचार दिवस आराम करा, जड उचलू नका, एवढंच सांगितलं. पुढे तपासणीतही काही वाईट निघालं नाही. पण मी घरी येऊन पाहते तो पलंगाखाली शेगडी, उशाला लसूण-ओव्याची पुरचुंडी, आणि बाई जुन्या नऊवारीचा पट्टा फाडत बसलेल्या. माझं पोट बांधायला!

"बाई," मी म्हटलं, "मी काय बाळंतीण आहो का?"

"चूप. पडून राय."

डिंकाचे लाडू झाले. अळिवाची खीर झाली. माझी चप्पल कपाटावर गेली. इथपर्यंत मी हसून घेतलं. पण मग बाईंनी काँके पानी मांडलं. काँके म्हणजे इकडच्या रानातली एक साल. छत्तीसगढात बाळंतिणीला तिचा काढा देतात, गूळ-सुंठ घालून, आणि तोच काढा गल्लीत घरोघरी वाटतात. ज्या घरून काँके पानी आलं, त्या घरी लेकरू आलं, इतकं ते सरळ आहे. आमच्या जाऊबाईंनी गंजभर उकळलं, वाट्या भरल्या, आणि मी डुलकीत असताना सबंध रस्ता वाटून आल्या.

मी जागी झाले ती समोरच्या छत्तीसगढी शेजारणीच्या हाकेने. दारातूनच तिचं सुरू, "का होइस ओ दीदी? टूरा के टूरी?" म्हणजे मुलगा की मुलगी! तिच्यामागे आणखी दोघी, पाळणा शोधत मान उंचावून. एक तर माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून हात जोडूनच उभी राहिली, देवाची लीला म्हणून. संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले, हेल्मेट खुंटीला लावलं आणि हळूच म्हणाले, "रोलिंग मिलमध्ये लोक मले बधाई देऊन राहिले. कायची, हे आता तूच सांग."

मी इतकी हसले की टाके असते तर तुटले असते. दुसऱ्या दिवशी वाट्या परत यायला लागल्या. रिकामं भांडं कोणी परत करत नाही, म्हणून कोणी साखर घातलेली, कोणी तांदूळ. समोरचीच्या वाटीत मात्र एक टोपडं निघालं. पिवळ्या लोकरीचं, रातोरात विणलेलं.

"घ्या," मी म्हटलं, "आता हे कोणाच्या डोक्यात घालू? यांच्या?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते टोपडं आपल्या मुठीवर चढवलं आणि मूठ इकडून तिकडून फिरवून पाहिली. बाईंना मूलबाळ नव्हतं. का नव्हतं, ते आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही.

"माह्यं पाचव्यात गेलं होतं," त्या म्हणाल्या. "तुह्यं लग्न व्हायच्या आधी. अशीच पिशवी साफ केली. दुसऱ्या दिवशी मी नळावर होती, पाण्याची गुंडी घेऊन. सासूबाई वाईट नव्हत्या वो. म्हणे, लेकरूच नाही तर बाळंतपण कायचं?" टोपडं काढून त्यांनी नीट घडी केली. "पोट रिकामं झालं का बाई बाळंतीणच असते. लेकरू हाती येवो का न येवो. काँके तिलेबी लागते."

मी उठले. उठू नको, उठू नको म्हणत राहिल्या, पण मी पलंग सोडला, चादर झटकली, गंजात उरलेलं काँके पानी पेल्यात गरम करून आणलं. "बाई, आज तुम्ही पडा. मी बसते उशाशी."

त्या टेकल्या. पलंगाच्या अगदी काठावर, बस सुटेल अशा बेताने. एक घोट घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, आता पाय वर घेतील.

"सुंठ कमी पडली वो," त्या म्हणाल्या, आणि उठल्याच. "मी दूध ठेवून आली गॅसवर. उतू जाईन."

फटक-फटक स्वयंपाकघरात गेल्या. मी मागून जाऊन पाहिलं. गॅस बंद होता, दुधाचा गंज पालथा घातलेला होता, आणि बाई ओट्याला धरून खिडकीबाहेर बघत होत्या. मी आले तशीच परत फिरले.

त्यानंतर किती वेळा म्हटलं, बाई, या आठ दिवस, नुसत्या पडायला या. "येतो ना, पुढच्या महिन्यात येतो." आल्याही, पण दर वेळी दुसऱ्या कोणाला झोपवायला. मागच्या उन्हाळ्यात गेल्या. अंगणात वाळवण घालता घालता, चालत्या-बोलत्या. तेराव्याला जो तो म्हणत होता, भाग्याची बाई, कोणाकडून पेलाभर पाण्याची सेवा करून घेतली नाही.

लोक हे कौतुकाने म्हणतात. मी मान हलवते, कारण त्यांचंही खोटं नाही. पण दुपारी आडवी झाले की माझी नजर आपोआप कपाटावर जाते. आमच्या सगळ्यांच्या चपला बाईंनी कधी ना कधी तिथे नेऊन ठेवल्या. त्यांची निळी तेवढी कधीच पायातून निघाली नाही. त्या दिवशी पलंगावर टेकल्या होत्या ना, तेव्हाही ती पायातच होती.

कोणीतरी ती लपवायला हवी होती.